मेळ्यातून टोयोटा घ्यायची असेल तर : कंपनीचा लौकिक पारखण्याची रीत

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केला तो मुळात जनावरांचा मेळा म्हणून. बैल घेताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, बैलाच्या तोंडात पाहावे, हे आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. आता बैलांची जागा मोटारींनी घेतली आहे. शासनाने सवलत जाहीर केली की मेळ्यात घेतलेल्या आणि ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयात नोंदवलेल्या गाडीवरचा वाहनकर निम्मा होतो, आणि त्यासाठी भोपाळ-इंदूरकडची माणसेही हिवाळ्यात इकडे येतात. माझा भाचा असाच आला होता. टोयोटाच्या दालनासमोर उभा राहून त्याने मला विचारले, “मामा, टोयोटा आहे, मग आणखी बघायचं काय राहिलं?”

त्याला उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि पुढचा मजकूर म्हणजे तेच उत्तर नीट लावून लिहिलेले आहे. टोयोटाचा लौकिक खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर दोन-अडीच लाख किलोमीटर धावूनही कुरकुर न करणाऱ्या इनोव्हा मी स्वतः पाहिल्या आहेत. मात्र लौकिक नेहमी कशाचा तरी असतो. अमुक काळात, अमुक कारखान्यात, अमुक प्रकारच्या यंत्राने तो कमावलेला असतो, आणि समोर उभी असलेली गाडी त्या कमाईची खरी वारस आहे की केवळ आडनावाची, हे घेणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. ते कसे ठरवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी नावाचे मूळ शोधावे

कोणत्याही मोटार कंपनीचा इतिहास वाचायला घेताना पहिला प्रश्न असा विचारावा की मोटारी करण्याआधी ही मंडळी काय करत होती आणि त्या धंद्यातली कोणती सवय त्यांनी बरोबर आणली. टोयोटाच्या बाबतीत उत्तर आहे : माग.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ मध्ये एका सुताराच्या घरी झाला. १८९० साली टोकियोत उएनो येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाला ते रोज जात आणि यंत्रांपुढे तासन्‌तास उभे राहत; म्हणजे या साऱ्या कथेची सुरुवातही एका मेळ्यातूनच झाली म्हणायची. पुढच्याच वर्षी त्यांनी लाकडी हातमागाचे पेटंट घेतले आणि तीन दशकांच्या खटपटीनंतर १९२४ मध्ये ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला, ज्याचे वैशिष्ट्य असे की धागा तुटला की तो आपोआप थांबे. माझे वडील बिर्लानगरच्या गिरणीत विणाई खात्यात फिटर होते, त्यामुळे या थांबण्याचे मोल मला लहानपणीच कळले होते. साधा माग धागा तुटल्यावरही ठकठक करत कापड विणतच राहतो, वार-दोन वार कापड खराब झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते, आणि म्हणूनच विणकराला नजर न हलवता मोजक्याच मागांपाशी उभे राहावे लागते. दोष दिसताच जो माग स्वतः थांबतो, त्याच्यापाशी माणसाला पहारा देत बसावे लागत नाही. एकच कामगार कितीतरी अधिक माग सांभाळू शकतो. टोयोटाच्या लौकिकाचे बी इथे पडले आहे आणि पुढचे सगळे याच्याशी ताडून पाहावे लागते.

साकिचींनी १९२६ मध्ये माग बनवणारी कंपनी उभी केली. १९२९ मध्ये त्या मागाच्या पेटंटचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला १ लाख पौंडांना देण्याचा करार झाला. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये याच माग कंपनीत मोटारींचा विभाग उघडला. १९३५ मध्ये जी-१ हा ट्रक, १९३६ मध्ये एए ही मोटार आणि १९३७ मध्ये स्वतंत्र टोयोटा मोटार कंपनी, असा तो क्रम आहे. ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ झाले ते १९३६ मधल्या बोधचिन्हाच्या स्पर्धेनंतर. जपानी कताकाना लिपीत नव्या नावाला आठ फटकारे लागतात आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानला जातो. दुकानाच्या पाटीवरचे अक्षर ज्योतिषाला दाखवून मगच रंगाऱ्याला बोलावणारे आपण, आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

इथवरची कथा कंपन्या स्वतःच हौसेने सांगतात. घेणाऱ्याने पुढची, तितक्या हौसेने न सांगितली जाणारी पाने उघडावीत. टोयोटाचे सुरुवातीचे ट्रक टिकाऊपणासाठी मुळीच प्रसिद्ध नव्हते. ते रस्त्यात बंद पडत आणि कंपनीची माणसे दुरुस्तीसाठी धावत. युद्धानंतरच्या मंदीत १९४९-५० च्या सुमारास कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, कामगार कमी करावे लागले, संप झाला आणि १९५० मध्ये किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडले. त्याच जून महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकांच्या मागणीने कंपनीला श्वास मिळाला. १९५७ मध्ये टोयोटा अमेरिकेत गेली, तेव्हा तिची क्राउन ही मोटार तिथल्या महामार्गांच्या वेगाला पुरी पडेना. १९५८ साली तिथे टोयोटाच्या एकूण २८८ गाड्या विकल्या गेल्या आणि लवकरच त्या मोटारीची विक्री थांबवावी लागली. ज्या नावावर आज माणसे डोळे मिटून पैसे टाकतात, त्या नावाची पहिली वीस-पंचवीस वर्षे अशी होती.

मग फरक कशाने पडला? ताईची ओनो नावाचा टोयोडांच्या सूत-कापडाच्या गिरणीतून आलेला अभियंता मोटारींच्या कारखान्यात गेला आणि मागाची सवय त्याने माणसांना लावली. जुळणीच्या ओळीवर कोणाही कामगाराला दोष दिसला तर त्याने दोरी ओढावी, दिवा लागावा, मुकादमाने धावत यावे आणि दोष तिथेच सुटला नाही तर ओळ थांबावी. एका हातातला दोष पुढच्या हातात जाऊ द्यायचा नाही. सुटे भाग हवे तेव्हा, हवे तेवढेच मागवण्याची ‘कानबान’ नावाची चिठ्ठ्यांची पद्धतही ओनो यांचीच, आणि तिची कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचल्याचे ते सांगत. या पद्धतींवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. गिऱ्हाइकाला त्यातले एकच हवे आहे : कंपनीच्या माहितीपत्रकात ‘गुणवत्ता’ हा शब्द आला की तिथे थांबावे आणि दोष सापडल्यावर तिथे नेमके कोण काय करतो, याचे वर्णन सापडते का ते पाहावे.

हीच कसोटी मेळ्यातल्या दालनातही लावता येते. विक्रेत्याला विचारण्याऐवजी सर्व्हिस सेंटरच्या माणसाला विचारावे, की या मॉडेलमध्ये वारंवार येणारी तक्रार कोणती. ‘काहीच तक्रार येत नाही’ असे उत्तर मिळाले तर त्या उत्तराला फारशी किंमत देऊ नये. ‘ब्रेक पॅड लवकर जातात’, ‘मागच्या एसीचा आवाज येतो’ असे काही तरी ठोस सांगणारा माणूस भेटला तर त्याचा फोन नंबर जपून ठेवावा.

बिल्ला कोणाचा आणि हात कोणाचा

दुसरी पायरी म्हणजे गाडी बनवली कोणी हे पाहणे, आणि आजच्या टोयोटाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक बंद पडलेला कारखाना होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा चालू केला, कामगारही बहुतेक तेच घेतले, आणि टोयोटाची पद्धत लावल्यावर तिथून उत्तम गाड्या निघू लागल्या. तिथे एकाच छपराखाली एकाच रचनेच्या दोन गाड्या बनत : एकीवर टोयोटा कोरोलाचा बिल्ला, दुसरीवर जनरल मोटर्सचा जिओ प्रिझ्म हा बिल्ला. गाडी जवळजवळ तीच, हातही तेच. तरी कोरोला अधिक किमतीला खपे आणि जुनी झाल्यावरही तिची किंमत सावकाश उतरे. लौकिकाला बाजारात रोख किंमत असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आपल्याकडे हाच खेळ २०१९ पासून चालू आहे, फक्त जोडीदार सुझुकी आहे. टोयोटाची ग्लान्झा ही मूळची मारुती सुझुकीची बलेनो. रुमियन म्हणजे अर्टिगा. टायसर म्हणजे फ्रॉन्क्स. उलट दिशेनेही वाहतूक आहे, कारण मारुतीची इन्व्हिक्टो ही टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसवरून आलेली आहे. सर्वांत गमतीची जोडी हायरायडर आणि ग्रँड विटाराची. या दोन्ही गाड्या कर्नाटकात बिदडी येथील टोयोटाच्या कारखान्यात बनू लागल्या, पण त्यांच्या पूर्ण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींवर चालणाऱ्या, आवृत्तीतली यंत्रणा टोयोटाची आहे आणि साध्या पेट्रोल आवृत्तीतले इंजिन सुझुकीचे. म्हणजे एकाच नावाची, एकाच रंगाची, शेजारी-शेजारी उभी असलेली दोन हायरायडर आतून दोन वेगळ्या घराण्यांची असू शकतात. सुझुकीचे इंजिन वाईट आहे असे यातून कोणी समजू नये. ते काटकसरी आणि सांभाळायला स्वस्त असते. परंतु जर कोणी ‘टोयोटाचे इंजिन पन्नास वर्षे चालते’ या समजुतीवर चार पैसे जास्त मोजत असेल, तर ते पैसे नेमक्या कोणत्या इंजिनासाठी आहेत हे त्याला माहीत असायला हवे.

तपासायचे कसे? प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर असतो आणि त्यातली पहिली तीन चिन्हे ती कोणी बनवली हे सांगतात. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर ‘एम’ या अक्षराने सुरू होतो. टोयोटा किर्लोस्करचे चिन्ह ‘एमबीजे’ आहे आणि मारुती सुझुकीचे ‘एमए३’. त्यानंतर दोन्ही बिल्ल्यांच्या जुळ्या गाड्यांचे कोटेशन एकाच दिवशी घ्यावे आणि किंमत, वॉरंटी, सर्व्हिसचा खर्च आणि घराजवळचे सर्व्हिस सेंटर या चारच गोष्टी समोरासमोर मांडाव्यात. सांगोवांगीच्या जुन्या माहितीवर विसंबू नये. एके काळी टोयोटा ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी देई आणि मारुती २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरची, तेव्हा बलेनोऐवजी ग्लान्झा घेण्याला सज्जड कारण होते. जुलै २०२४ पासून मारुतीनेही ३ वर्षे व १ लाख किलोमीटर केल्यावर ते कारण उरले नाही, पण सल्ला देणारे काका-मामा अजून तेच सांगत असतात. मीही तेच सांगत होतो, भाच्याने मोबाइलवर दाखवेपर्यंत.

आपल्या मराठी माणसांसाठी इथे एक वेगळी सूचना करावीशी वाटते. ‘टोयोटा किर्लोस्कर’ ही पाटी दिसली की आपला ऊर भरून येतो : बेळगावात सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव, १९१० मध्ये माळरानावर वसलेली किर्लोस्करवाडी, लोखंडी नांगर, हे सगळे डोळ्यांपुढे येते. अभिमान अवश्य बाळगावा. परंतु १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत किर्लोस्करांचा वाटा ११ टक्के आहे आणि उरलेला टोयोटाचा. टोयोटाच्या स्वतःच्या मॉडेलांचा आराखडा, इंजिनाचे तंत्र आणि त्यातले दोष हे सगळे टोयोटाचेच असते. एक गोष्ट मात्र जुळून आलेली आहे, ती म्हणजे या दोन घराण्यांची गाठ आधी पडली ती कापड गिरण्यांच्या यंत्रांच्या धंद्यात, आणि मोटारी नंतर आल्या.

तडा कुठे गेला ते वाचावे

एखाद्या घराण्याशी सोयरीक जुळवताना त्याची श्रीमंती कोणीही सांगतो. भांडण कधी झाले आणि ते कसे मिटले, हे शोधून काढावे लागते. कंपनीचेही तसेच आहे. तिच्या चुका वाचताना मी तीन गोष्टी पाहतो : दोष कोणी शोधला, कंपनीला तो किती आधी माहीत होता, आणि कळल्यावर तिने गिऱ्हाइकासाठी काय केले.

टोयोटाच्या लेक्ससचे उदाहरण या कसोटीवर उत्तम उतरते. १९८९ मध्ये ही महागडी शाखा अमेरिकेत सुरू झाली आणि काही महिन्यांतच ब्रेकच्या दिव्याच्या आणि क्रूझ कंट्रोलच्या (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) दोषामुळे विकलेल्या सुमारे ८ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीची माणसे घरोघर जाऊन गाड्या घेऊन गेली, दुरुस्त करून, धुऊन, पेट्रोलची टाकी भरून परत देऊन आली. दोषामुळे नाव जायचे ते उलट वाढले.

वीस वर्षांनी तीच कंपनी वेगळी वागली. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचा भडका उडाला. कारणे दोन निघाली : एक्सिलरेटरला अडकणारी पायाखालची मॅट आणि दाबल्यावर चिकटून राहणारे पेडल, इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष असल्याचा पुरावा नासाच्या तपासणीतही मिळाला नाही. जगभरात ऐंशी लाखांहून अधिक गाड्या परत बोलवल्या गेल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरोंचे नातू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागताना आपण वाढण्याची घाई केली असावी, अशी कबुली दिली. पण प्रकरण तिथे संपले नाही. गिऱ्हाइकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीला अमेरिकी न्याय खात्याशी १२० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मॅट अडकणे ही चूक होती. दडवणे ही निराळी गोष्ट होती, आणि दंड मुख्यतः त्या दुसऱ्या गोष्टीचा झाला.

याहून मला अधिक लागलेली घटना आपल्या रस्त्यांच्या जवळची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दायहात्सू कंपनीने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षे गैरप्रकार केल्याचे चौकशीत उघड झाले; ६४ मॉडेले त्यात सापडली आणि त्यांतली काही टोयोटाच्या बिल्ल्याने विकली जात होती. पुढच्याच महिन्यात टोयोटा इंडस्ट्रीजने डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या चाचणीत आकडे गुळगुळीत दिसावेत म्हणून प्रत्यक्ष गाडीत नसलेले सॉफ्टवेअर वापरल्याचे बाहेर आले. त्या इंजिनांवर चालणाऱ्या गाड्यांत इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स होत्या, त्यामुळे भारतातही काही दिवस त्यांची रवानगी थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. गाडी चालवणाऱ्याला यात धोका नव्हता, असे कंपनीने सांगितले आणि ते मानायला हरकत नाही. पण टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण? १९२६ मध्ये साकिचींनी काढलेली तीच माग कंपनी, नाव बदललेली. धागा तुटला तर थांबणारा माग जिने जगाला दिला, तिथे धागा तुटलेला दिसत असूनही माग चालू ठेवला गेला. माझ्या वडिलांना हे सांगितले असते तर ते बहुधा काही बोलले नसते, नुसते मान हलवून उठून गेले असते.

हे वाचून टोयोटा घेऊच नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. जून २०२४ मध्ये होंडा, माझदा, सुझुकी आणि यामाहा यांनीही चाचण्यांतील गैरप्रकार कबूल केले, तेव्हा सोवळे असे कोणी राहिलेलेच नाही. निष्कर्ष इतकाच की ‘परत बोलावणी’, म्हणजे रिकॉल, हा शब्द ऐकून घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली असून तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की त्या गाडीसाठी रिकॉल आहे का आणि ते काम झाले आहे का, हे समजते. जुनी गाडी घेताना हे काम झाल्याची नोंद सर्व्हिस सेंटरकडून अवश्य पाहून घ्यावी; ते काम फुकट होत असते, आणि तरीही ते न करता गाडी विकणारे मालक असतात.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. टिकाऊपणाचा लौकिक आणि अपघातातल्या संरक्षणाचा लौकिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज करू नये. धडक-चाचणीतले तारे कंपनीला मिळत नाहीत, मॉडेलला मिळतात, तेही त्या वर्षी तपासलेल्या आवृत्तीला. ग्लोबल एनकॅप या अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थेने तपासलेल्या टोयोटाच्या इटिऑसला २०१६ मध्ये चार तारे मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. तिच्या यादीत आपले मॉडेल शोधावे, आणि ते नसेल तर विक्रेत्याने दुसऱ्याच मॉडेलचे तारे आपल्या गाडीच्या बॉनेटवर चिकटवू नयेत एवढी काळजी घ्यावी.

मेळ्याचे गणित

मेळ्यातली सवलत वाहनकरावर असते, गाडीच्या किमतीवर नाही. कर दीड लाख रुपये होत असेल तर पंचाहत्तर हजार वाचतात, आणि ही रक्कम लहान नाही. पण त्याच वेळी विक्रेता एरवी देतो ती रोख सूट बंद करून, विमा आणि ॲक्सेसरीजच्या नावाखाली वीस-तीस हजार परत वसूल करत असेल, तर हिशेब बदलतो. म्हणून मेळ्याबाहेरचे आणि मेळ्यातले अशी दोन ऑन-रोड कोटेशने लेखी घ्यावीत. विमा बाहेरून घेण्याचा हक्क आपल्याला आहे, हे विसरू नये. सवलतीची अधिसूचना दर वर्षी एकाच तारखेला निघत नाही. ती निघाली आहे का, तिची मुदत किती, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पाहावे. टोयोटाच्या काही मॉडेलांना, विशेषतः हायब्रिडना, थांबावे लागते, आणि मुदत संपल्यावर गाडी आली तर मेळ्याला आल्याचा उपयोग नाही. गाडी मुदतीत नोंदवून मिळाली नाही तर आगाऊ रक्कम परत मिळेल, हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर एका दालनात मी स्वतः फसलो आहे. पावतीवर लिहायला सांगितले तेव्हाच त्या माणसाचा चेहरा बदलला होता, आणि मी तिथेच उठायला हवे होते.

हायब्रिड घेणाऱ्याने आपल्या गावाची धूळ आणि मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा लक्षात घ्यावा. टोयोटा भारतात हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते, ती भक्कम आहे. मात्र बॅटरीला थंड हवा पुरवणारी जाळी आपल्या मॉडेलमध्ये कुठे आहे हे डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्यावे आणि तिच्यावर पिशव्या, सतरंज्या ठेवू नयेत. दर सर्व्हिसला ती साफ झाली का, हे विचारावे.

जुनी इनोव्हा घ्यायची असेल तर

ज्यांचे अंदाजपत्रक नव्या गाडीचे नाही, ते बहुधा जुन्या इनोव्हाकडे वळतात, आणि लौकिकाची किंमत सर्वांत जास्त इथेच मोजली जाते. २००० मध्ये आलेल्या क्वालिसने भारतात टोयोटाचे नाव रुजवले, २००५ मध्ये इनोव्हाने ते टॅक्सीवाल्यांपासून मंत्र्यांपर्यंत पोचवले आणि २०१६ मध्ये क्रिस्टा आली. या गाड्या खरोखरच चिवट आहेत. अडचण अशी की चिवट गाडी विकणाऱ्याला तिचे खरे वय सहज लपवता येते. तीन लाख किलोमीटर चाललेली इनोव्हा धुऊन-पुसून, सीट कव्हरे बदलून उभी केली की सव्वा लाख किलोमीटरची म्हणून खपते.

म्हणून आधी कागद पाहावेत. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नंबर टाकल्यावर पहिल्या नोंदणीची तारीख, मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा आणि वाहनाचा प्रकार दिसतो. पिवळ्या पाटीची टॅक्सी पुढे खासगी करून पांढऱ्या पाटीवर विकलेली असू शकते; ते बेकायदा नाही, पण किंमत त्याप्रमाणे कमी व्हायला हवी. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हातात पडेपर्यंत पैसे देऊ नयेत. नंबर ‘एमपी ०७’ असेल तर गाडी ग्वाल्हेरची, ‘एमपी ०९’ असेल तर इंदूरची. दिल्लीचा नंबर असेल तर दुप्पट सावध व्हावे. २०१५ मधील राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशापासून राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, आणि तिथून सव्वातीनशे किलोमीटरवर असलेल्या आपल्या शहरात अशा गाड्या स्वस्तात येऊ लागल्या. त्यांतल्या काही उत्तम असतात. पण तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, इथे पुन्हा भरावा लागणारा कर आणि नोंदणीची उरलेली वर्षे यांचा हिशेब केल्यावर स्वस्ताई किती उरते, ते कागदावर मांडून पाहावे. मुंबई-कोकणातून आलेली गाडी असेल तर कागदांआधी तिच्याखाली वाकून तळ गंजला आहे का ते पाहावे.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन, मालकाच्या संमतीने, त्या चेसिस नंबरचा सर्व्हिसचा इतिहास काढावा. शेवटच्या नोंदीतले किलोमीटर आणि समोरच्या काट्यावरचे किलोमीटर जुळले पाहिजेत. नोंदी मध्येच तुटल्या असतील तर पेडलचे रबर, चालकाच्या सीटची कड, स्टिअरिंगवरची चकाकी आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या पाहाव्यात; काटा मागे नेता येतो, पण झिजलेले रबर मागे नेता येत नाही, आणि नवे कोरे रबर दिसले तर ते का बदलले हे विचारावे. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, आणि त्याने गाडी लिफ्टवर चढवून सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंगमधला ढिलेपणा, तेलगळती, क्लच आणि मागच्या रांगेचा एसी तपासावा. मिस्त्री आपल्या ओळखीचा असावा, विकणाऱ्याने आणलेला नसावा, हे वेगळे सांगायला नकोच.

सगळ्यात शेवटी इंजिन. डिझेल इंजिनाचे दुखणे ते थंड असतानाच दिसते, एकदा तापले की बरेचसे झाकले जाते. जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या पहाटे, धुके उतरायच्या आत, विकणाऱ्याच्या घरी जावे आणि गाडीला किल्ली लावू देण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवावा. बॉनेट थंडगार असेल तर गाडी चालू करायला सांगून मागे उभे राहावे : पहिल्या झटक्यात चालू झाली का, धूर पांढरा, काळा की निळा, तो किती वेळ राहिला, आवाज किती सेकंदांत एका लयीत आला. बॉनेट कोमट लागले, तर चहा नाकारून घरी परत यावे आणि दुसऱ्या दिवशी न कळवता अर्धा तास आधी जावे.